देवघरातला फोन: सणावाराच्या दिवशी या चुका टाळा

आमच्या घरात वडिलांच्या सांवत्सरिक श्राद्धाची तिथी एका वर्षी चुकली आणि ती चूक महिनाभर कोणाच्या लक्षातही आली नाही. वडील श्रावण वद्य षष्ठीला गेले. पहिल्या वर्षीचे वर्षश्राद्ध गुरुजींनी स्वतः दिवस कळवून करवून घेतले. त्यानंतर धाकट्या भावाने फोनमधल्या पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये निधनाची तारीख घालून तिथी काढली आणि तिची कायमची आठवण लावून ठेवली. अ‍ॅपने तिथी दाखवली होती भाद्रपद कृष्ण षष्ठी. पुढे कधीतरी फोन बदलला, नव्या फोनवर मराठी पंचांगाचे अ‍ॅप आले आणि त्याने नोंदवलेल्या तिथीप्रमाणे भाद्रपद वद्य षष्ठीला, म्हणजे खऱ्या तिथीनंतर बरोबर एक महिन्याने, आठवण करून दिली. तो काळ पितृपक्षाचा होता. त्या दिवशी वडिलांच्या नावाने महालय करायचेच असते, त्यामुळे शंका कोणाला आली नाही. महालयासाठी आलेल्या गुरुजींनी सहज विचारले, ‘‘श्रावणातले झाले ना व्यवस्थित?’’ आणि आई एकदम गप्प झाली.

दोष अ‍ॅपच्या गणिताचा नव्हता. आपल्याकडे महाराष्ट्रात, तसेच गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. पहिल्या पद्धतीला अमान्त आणि दुसरीला पूर्णिमान्त म्हणतात. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, वद्य पक्षात मात्र उत्तरेतले नाव एका महिन्याने पुढे असते. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, तर मथुरेची भाद्रपद कृष्ण अष्टमीची. आपली महाशिवरात्र माघातली, तर काशीची फाल्गुनातली. दिवस तोच असतो, फक्त नाव वेगळे. घोटाळा होतो तो एका पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्या पद्धतीने वाचले की. त्यामुळे कोणतेही पंचांगाचे अ‍ॅप घेतल्यावर पहिले काम हे करावे, की सेटिंगमध्ये जाऊन महिन्याची पद्धत अमान्त आहे का ते पाहावे. पडताळणी सोपी आहे. अ‍ॅपमध्ये महाशिवरात्रीचा दिवस उघडावा. तिथे माघ दिसला तर पद्धत आपली आहे, फाल्गुन दिसला तर ती बदलून घ्यावी.

हीच चूक श्रावणी सोमवारी वेगळ्या रूपात होते. 2025 मध्ये उत्तरेतला श्रावण 11 जुलैला सुरू झाला आणि आपला 25 जुलैला. तिकडचा पहिला सोमवार 14 जुलैचा होता, आपला 28 जुलैचा. 14 जुलैला सकाळी फोनवर शुभेच्छांची चित्रे येऊ लागली, की घरातली नवी सून किंवा शहरात एकटा राहणारा मुलगा उपवास धरतो, आणि मग संध्याकाळी गावाकडून फोन येतो की अजून आषाढच चालू आहे. वटपौर्णिमेचेही असेच आहे. उत्तरेत वटसावित्रीचे व्रत अमावास्येला करतात, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. त्यामुळे फोनवरची पहिली सूचना आपल्यासाठी पंधरा दिवस आधीची असते. कोणाचीही परंपरा चुकीची नाही. फक्त फोनला आपले घर कोणते हे सांगितलेले नसते, आणि ते सांगणे हे आपले काम आहे.

तिथीची आठवण फोनच्या साध्या दिनदर्शिकेत ‘दरवर्षी’ म्हणून लावणे ही त्याहून जास्त घरांत होणारी चूक आहे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, म्हणून तिथी दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास येऊन गेला की एकदम 18-19 दिवस पुढे जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षांत इंग्रजी तारखेवर लावलेली आठवण निरुपयोगी ठरते. गुढीपाडव्याला नवे पंचांग घरी आले की घरातल्या सगळ्या श्राद्धतिथी, कुळाचाराचे दिवस आणि बोडणासारखी कार्ये त्यातून एकदा काढून त्या त्या वर्षाच्या तारखांवर आठवणी लावाव्यात. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि ते आईजवळ किंवा सासूबाईंजवळ बसून केले तर अ‍ॅपला ठाऊक नसलेल्या दोन-चार गोष्टीही कळतात. नोंद करताना ‘श्रावण वद्य षष्ठी, अमान्त’ असे पूर्ण लिहावे. ज्या घरांत टिळक पंचांग पाळतात त्यांनी तर तेही सोबत लिहावे, कारण त्या पंचांगाचे अयनांश (राशी कोठून मोजायच्या ते ठरवणारा आकडा) वेगळे असल्यामुळे अधिक मास वेगळा येऊन सण महिन्याच्या फरकाने पडू शकतो.

संकष्टीचा चंद्रोदय

संकष्टीला उपवास सोडायची वेळ फोनवर पाहणारे पुष्कळ आहेत, आणि पावसाळ्यात चंद्र दिसतच नसल्यामुळे तीच वेळ आधार असते. परंतु फोनचे स्थान बंद असेल तर अ‍ॅप स्वतःचे ठरलेले शहर धरते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे एका रेखांशाला सुमारे 4 मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये सव्वासहा रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे नागपूरचा चंद्र मुंबईच्या साधारण 25 मिनिटे आधी उगवतो. मुंबईतल्या मुलाने नागपूरच्या आईला आपल्या फोनवरची वेळ कळवली तर दिवसभर निर्जळी राहिलेल्या त्या बाईला विनाकारण आणखी अर्धा तास थांबावे लागते. उलट झाले तर चंद्रोदयाआधीच पान वाढले जाते. अ‍ॅपमध्ये गाव हाताने निवडून ठेवावे, आणि प्रवासात असल्यास ते बदलावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत निरनिराळ्या गावांच्या वेळा दिलेल्या असतात. त्यांच्याशी एकदा ताडून पाहिले की मनात शंका राहत नाही.

परदेशातल्या मुलांना एकादशीची तारीख इथून कळवतानाही हाच विचार करावा लागतो. तिथी सुरू होण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण व्रताचा दिवस त्या त्या गावच्या सूर्योदयावरून ठरतो. समजा उन्हाळ्यात भारतात सकाळी 10 वाजता एकादशी लागली, तर न्यू जर्सीत तेव्हा त्याच तारखेची रात्रीची साडेबाराची वेळ असते. तिथे त्या दिवशीच्या सूर्योदयाला एकादशी चालू आहे, म्हणून उपवास त्याच तारखेला. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी. शिवाय स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या जेव्हा लागोपाठ येतात तेव्हा अ‍ॅप दोन्ही दाखवते आणि निवड आपल्यावर सोडते. ती घरच्या मोठ्यांना विचारूनच करावी.

पूजा सांगणारा फोन

गणेश चतुर्थीला सगळ्यांनाच गुरुजी मिळत नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रित पूजा लावून प्राणप्रतिष्ठा करण्याची पद्धत आता रुळली आहे. ती मनापासून केली तर तिच्यात काही उणे नाही असे मला वाटते. परंतु संकल्पाकडे मात्र लक्ष द्यावे. संकल्पात संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि आपण राहतो ते ठिकाण यांचा उच्चार असतो. शके 1946 चे संवत्सर क्रोधी, 1947 चे विश्वावसु आणि 1948 चे पराभव. जुने ध्वनिमुद्रण लावले तर त्यात जुनेच नाव येते आणि आपण तेच म्हणत राहतो. स्थळाचेही तसेच आहे. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ हे शब्द पुण्या-साताऱ्याच्या घराला योग्य आहेत, नागपूर-अमरावतीच्या घराला उत्तर तीर म्हणायला हवे. संकल्प हा ‘मी, इथे, आज’ असे देवाला सांगण्याचा भाग आहे. तेवढा तरी दुसऱ्या गावाचा आणि सरलेल्या वर्षाचा असू नये. आदल्या दिवशी मुद्रण ऐकून संकल्पापाशी ते थांबवायचे ठरवावे, आणि आपल्या वर्षाचा व गावाचा संकल्प कागदावर लिहून तो यजमानाने स्वतः वाचावा.

बाकीच्या अडचणी यांत्रिक आहेत आणि त्यांची व्यवस्था आदल्या रात्रीच होते. इंटरनेटवरून थेट लावलेल्या पूजेत मध्येच जाहिरात येते, म्हणून मुद्रण रीतसर उतरवून घ्यावे, फोन विमान मोडवर टाकावा आणि स्क्रीन बंद होण्याची मुदत वाढवावी. नुसता आवाज बंद केल्याने गजर बंद होत नाहीत, हे पुष्कळांना पूजेच्या मधोमध कळते. सकाळचे गजर वेगळे काढून टाकावेत. फोन हाताळण्याचे काम पूजेला न बसलेल्या एकाकडे द्यावे, कारण पंचामृताच्या आणि हळद-कुंकवाच्या ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि यजमान ‘थांब, थांब’ म्हणत राहिले तर पूजेतले मन उडते. समई आणि निरांजनाच्या जवळ फोन ठेवू नये. चार्जिंगच्या छिद्रात तीर्थ किंवा दूध गेले असल्यास पूर्ण वाळेपर्यंत तो चार्जरला लावू नये.

आरतीला दूरच्या माणसांना व्हिडिओ कॉलवर घेणे ही फार चांगली गोष्ट आहे. आमची बहीण परदेशी गेल्यापासून आईचा गौरीचा सण तिच्याशिवाय झालेला नाही तो याच सोयीमुळे. पण सगळ्यांनी एकदम आरती म्हणायचा हट्ट धरू नये. आवाज पोहोचायला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे पुण्यातले ‘दर्शनमात्रे’वर असताना तिकडचे मागच्या ओळीवर असतात आणि पाच मिनिटांत कोणालाच काही कळेनासे होते. ज्या घरात मूर्ती आहे त्या घराचा माइक चालू ठेवावा, बाकीच्यांनी आपला बंद करून मोठ्याने म्हणावे. ज्याला त्याला आपल्या घरात बरोबरच ऐकू येते. एकाच खोलीत दोन फोन कॉलवर असतील तर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तेव्हा दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत. घंटा आणि झांजा पलीकडे ऐकूच जात नाहीत अशी तक्रार असते, कारण हे कार्यक्रम त्या आवाजांना गोंगाट समजून गाळतात. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे, ती चालू करावी. झूमच्या मोफत खात्यावर समूहाचा कॉल 40 मिनिटांनी तुटतो. सत्यनारायणाची कथा त्यात बसत नाही, म्हणून कथेसाठी दुसरी लिंक आधीच पाठवून ठेवावी.

श्रद्धेच्या नावावर येणारे पैशाचे धोके

या बाबतीत मला मोठ्या माणसांची फार काळजी वाटते, कारण देवाचे नाव घेतले की ती शंका घेत नाहीत. दर्शनाचा पास किंवा भक्तनिवासातली खोली शोधताना सर्वांत वर दिसणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो. संस्थानाचा पत्ता देवळातल्या फलकावरून किंवा पावतीवरून घेऊन तो फोनमध्ये जतन करावा आणि दरवेळी तिथूनच जावे. खासगी मोबाइल क्रमांकावर आगाऊ पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही घालावा लागत नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून आई-वडिलांच्या फोनच्या खणाजवळ चिकटवावे. लग्नपत्रिका किंवा पूजेचे आमंत्रण म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.apk’ (एपीके) असेल तर ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप आहे, मग ती सख्ख्या नातेवाइकाच्या क्रमांकावरून आलेली का असेना. ती उघडू नये आणि त्या नातेवाइकाला फोन करून कळवावे. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. आणि घरातल्या तरुणांनी अशा वेळी रागावू नये. एकदा रागावणे झाले की पुढच्या वेळी आई सांगतच नाही.

सणाच्या शुभेच्छांनी फोन भरून जातो तेव्हा उपाय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमधली चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. एवढे पुरते. पण आमच्या एका नातेवाइकांच्या घरात जागा वाचवण्यासाठी मुलाने कुटुंबाच्या गटात निरोप 90 दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केली आणि कोणाला सांगितले नाही. त्यानंतरच्या श्रावणापासून आजी त्या गटात दर श्रावणी शुक्रवारी जिवतीची कहाणी आपल्या आवाजात पाठवू लागली. आजी गेल्यानंतर काही महिन्यांनी सगळ्यांनी गट उघडला तेव्हा एकही कहाणी उरलेली नव्हती.

मोठ्यांचे आवाज असे गटात सोडून देऊ नयेत. कहाणी, ओवी, पाळणा, आई-आजी जे काही म्हणतात ते फोनच्या ध्वनिमुद्रकात नीट मुद्रित करावे, फाइलला म्हणणाऱ्याचे नाव, कहाणीचे नाव आणि तिथी द्यावी, आणि ती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर उशीवर ठेवावा, आणि मध्येच थांबून त्या ‘हे माझ्या सासूबाई असं म्हणायच्या’ असे काही सांगू लागल्या तर मुद्रण थांबवू नये. आमच्याकडे आता आईच्या श्रावणातल्या सातही वारांच्या कहाण्या आहेत. शनिवारच्या कहाणीत मागे कुकरची शिट्टी ऐकू येते आणि आई मोजते, ‘‘दोन झाल्या, अजून एक होऊ दे.’’ ती फाइल मी तशीच ठेवली आहे.