पोटॅश खतातला किरणोत्सर्ग गायगर काउंटरने मोजा

अल्फा, बीटा, गॅमा ही किरणोत्सर्गाच्या तीन प्रकारांची नावं पाठ करण्यापेक्षा कोणता किरण कशाने अडतो ते एकदा स्वतः मोजून पाहावं. त्यासाठी लागणारा पदार्थ कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो: ०:०:६०, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचं खत. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० हा किरणोत्सर्गी प्रकार असतो. त्याच्या विघटन होणाऱ्या शंभर अणूंपैकी सुमारे ८९ बीटा कण सोडतात, बाकीच्यांपासून गॅमा मिळतो. अल्फा मुळीच नाही.

२०० ग्रॅम खतात १०० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम येतं. त्यात दर सेकंदाला सुमारे ३१०० अणूंचं विघटन होतं, म्हणजे ३१०० बेकरेल. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरातलं पोटॅशियम याहून जास्त भरतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. खत हाताळल्यावर हात मात्र धुवा. लाल पोटॅशचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो, किरणोत्सर्गाशी त्याचा संबंध नाही.

आधी रिकाम्या ताटलीवर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, ठेवून ३० मिनिटं मोजणी करा. ही पार्श्वभूमी. समजा ७५० ठोके (काउंटरने टिपलेल्या किरणांची मोजणी) आले, म्हणजे मिनिटाला २५. मग ताटलीत खताचा सपाट थर पसरा, वर पातळ प्लॅस्टिक ताणा, काउंटरची किरण टिपणारी नळी खतापासून पाच मिलीमीटरवर ठेवून पुन्हा ३० मिनिटं मोजा. आता १३५० आले, तर फरक ६००. दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ, इथे ४६, ही या फरकातली अनिश्चितता. इतका फरक निव्वळ योगायोगाने पडत नाही. पण हेच एका मिनिटात उरकलंत तर २५ च्या जागी कधी १८ दिसतील, कधी ३३, आणि त्यावरून काहीच ठरणार नाही. बहुतेकांची मोजणी इथेच फसते.

त्याच ताटलीत, तेवढ्याच अंतरावर, साधं मीठ ठेवून तिसरी मोजणी घ्याच. मिठाचा आकडा पार्श्वभूमीइतकाच यायला हवा. तो वर गेला तर नळी हलली आहे किंवा ताटलीला पोटॅश चिकटलं आहे.

आता खत आणि नळी यांच्यामध्ये कागद ठेवा. अल्फा असता तर तो इथेच अडला असता. आपला आकडा जवळपास तसाच राहतो. कागदाच्या जागी ३ मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली की वाढलेले ठोके जवळजवळ सगळे जातात. या बीटा कणांची ॲल्युमिनियममधली कमाल मजल सुमारे दोन मिलीमीटर असते. स्वयंपाकघरातली फॉइल एका मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते, तिचे दहा थर लावूनही पुरत नाहीत. गॅमा पट्टीतून आरपार जातो, पण छोटी नळी त्यातला साधारण शंभरातला एखादाच टिपते, म्हणून तो पार्श्वभूमीत हरवतो.

थर सहा-सात मिलीमीटरहून जाड करून फायदा नाही, खालचे बीटा कण खतातच जिरतात.

पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचा) आकडा इथे सोडून द्या, फक्त मिनिटाचे ठोके पाहा. स्वस्त काउंटरचं ते गणित साधारणपणे सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमावर बेतलेलं असतं, बीटाला लावलं तर भलतंच उत्तर येतं. उघड्या काचेची नळी असेल तर ती उन्हात ठेवू नका, काही नळ्या प्रकाशानेही ठोके देतात. आणि अल्फा पाहण्याच्या हौसेने धुराचा अलार्म फोडू नका. त्यातलं अमेरिसियम हे अल्फा सोडणारं किरणोत्सर्गी मूलद्रव्य पोटात किंवा फुप्फुसात जाता कामा नये.