पाळीव मिलिपीड कसा सांभाळावा: आधी माती, मग प्राणी

मिलिपीड, म्हणजे पावसाळ्यात दिसणारा पैसा किंवा वाणी, पाळायला सोपा असतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. त्याचा आवाज नसतो, त्याला फिरायला न्यावं लागत नाही, रोज खाऊ घातलं नाही तरी चालतं. तरीही बरेच मिलिपीड घरी आल्यावर काही महिन्यांत मरतात आणि दोष बहुतेक वेळा डब्यातल्या मातीचा असतो. मिलिपीड मातीत राहतो, तीच खातो, तिच्यातच कात टाकतो आणि अंडीही तिथेच घालतो. वर ठेवलेली काकडीची चकती हे नुसतं तोंडी लावणं. म्हणून प्राणी आणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी माती तयार ठेवा.

डबा

काचेची टाकी किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा, दोन्ही चालतात. लांबी प्राण्याच्या लांबीच्या निदान दुप्पट आणि रुंदी निदान त्याच्या लांबीइतकी हवी. आफ्रिकन जायंट मिलिपीड २५ सेंमीच्या पुढे सहज जातो, त्याच्यासाठी ५० × ३० सेंमीचा तळ लागतो. उंची ठरवताना मातीचा थर आधी मोजा, कारण निम्म्याहून जास्त डबा मातीनेच भरणार आहे.

झाकण घट्ट बसणारं हवं. काचेच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेला धरून मिलिपीड वर चढतो आणि सैल झाकण डोक्याने ढकलून बाहेर पडतो. समोरासमोरच्या दोन बाजूंना २-३ मिमीची भोकं पाडा. एकाच बाजूला भोकं असली की हवा खेळत नाही आणि आठवडाभरात बुरशी येते. दिवा लागत नाही. या प्राण्याला उजेड नकोसाच असतो.

माती

साधारण प्रमाण (आकारमानाने): कुजलेला पालापाचोळा ४ भाग, कुजलेलं पांढरट लाकूड ३ भाग, खत किंवा कीटकनाशक न पडलेली साधी माती ३ भाग. अशा १० लिटर मिश्रणात एक मूठ कॅल्शियम घाला: समुद्रफेसाचा चुरा किंवा अंड्याच्या टरफलांची पूड.

१. पानं रुंद पानांच्या झाडांची घ्या, तपकिरी होऊन गळलेली. हिरवी नकोत. पाइन, देवदार यांसारख्या सूचिपर्णी झाडांची पानं किंवा लाकूड अजिबात नको. त्यातली राळ आणि उग्र तेलं बाधतात.

२. लाकूड बोटांनी दाबल्यावर चुरा होईल इतकं कुजलेलं हवं. नखाने ओरखडा काढावा लागत असेल तर ते अजून कच्चं आहे.

३. बाहेरून आणलेला माल ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे गोम, कोळी आणि मुंग्या बऱ्याच अंशी मरतात. ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्लाही मिळेल, पण त्यात पाला पचवायला मदत करणारी बुरशी आणि जिवाणूही जातात. भाजलंच तर नंतर न भाजलेल्या कुजक्या पाल्याची एक ओंजळ मिसळा.

४. पाणी घालून कालवा. मूठ घट्ट दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी ओघळता कामा नये. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

५. डब्यात भरून हलकेच दाबा. थराची खोली निदान प्राण्याच्या लांबीइतकी ठेवा. लहान जातींसाठीही १० सेंमीपेक्षा कमी नको. वर अख्ख्या पानांचा २-३ सेंमीचा थर आणि लपायला झाडाची एक साल ठेवा.

नुसता कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून विकलेले डबे दिसतात. कोकोपीट ओलावा धरून ठेवतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं. पोट भरूनही प्राणी उपाशी राहतो आणि हे बाहेरून कळायला महिने जातात.

ओलावा आणि ऊब

मिलिपीडच्या कवचावर कीटकांसारखं पाणी धरून ठेवणारं मेणाचं आवरण नसतं, त्यामुळे कोरड्या हवेत तो झपाट्याने सुकतो. उलट माती चिखल झाली की तिच्यातली हवा संपते. श्वासाची छिद्रं पायांच्या बुडाशी असल्याने प्राणी अक्षरशः गुदमरतो. वरचा थर किंचित सुकू द्या, खालचा ओलसर ठेवा. त्यासाठी रोज फवारा मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एका कोपऱ्यात थोडं पाणी ओतणं बरं. एक बाजू ओली, दुसरी कमी ओली असली की प्राणी आपली जागा आपणच निवडतो. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते दिवसभर उघडं ठेवून मग वापरा.

बहुतेक उष्ण प्रदेशातल्या जातींना २२ ते २७ अंश सेल्सिअस मानवतं. थंडीत हीट मॅट लावायची तर डब्याच्या बाजूला लावा, तळाखाली नको. उकडलं की मिलिपीड खाली खणतो. तळच तापलेला असेल तर तो सुटकेच्या आशेने आगीकडेच जातो.

खाणं

मुख्य जेवण मातीत आहेच. आठवड्यातून एक-दोनदा काकडी, लाल भोपळा, रताळं किंवा केळ्याची छोटी चकती द्या आणि दोन दिवसांत उरलेलं काढून टाका, नाहीतर चिलटं होतात. महिन्यातून दोनदा माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड प्रथिनांसाठी पुरते. समुद्रफेसाचा एक तुकडा कायम वर असू द्या.

कात टाकताना हात लावू नका

वाढीच्या काळात मिलिपीड मातीत खोल जाऊन लहानशी पोकळी करतो, तिच्यात वेटोळं घालून पडतो आणि कात टाकतो. मोठ्या जातींना यासाठी काही आठवडे लागतात. नवं कवच सुरुवातीला पांढरट आणि मऊ असतं; टाकलेली कात तो स्वतःच खातो, त्यातलं कॅल्शियम परत मिळवायला. या काळात ‘मेला की काय’ म्हणून माती उकरली आणि पोकळी ढासळली, तर तो खरोखर मरतो. महिना-दीड महिना दिसला नाही तरी ओलावा सांभाळा आणि वाट पाहा. खरंच मेला असेल तर कुजका वास येतो.

हाताळणी

ओढून उचलू नका; पाय घट्ट रोवलेले असतात आणि तुटतात. बोट त्याच्या डोक्यासमोर धरा, तो आपण होऊन चढेल. जमिनीपासून फूटभर उंचीवरच ठेवा, कारण पडल्यावर कवच तडकलं तर सहसा वाचत नाही.

घाबरला की तो गुंडाळी करतो आणि अंगाच्या बाजूच्या छिद्रांतून पिवळट-तपकिरी द्रव सोडतो. अनेक जातींच्या या द्रवात बेंझोक्विनोन नावाची दाहक रसायनं असतात. त्वचेवर लगेच साबणाने धुतला तरी तपकिरी डाग काही दिवस राहतो, पण तो निरुपद्रवी असतो. डोळ्यात गेला तर मात्र १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. काही चपट्या जाती हायड्रोजन सायनाइड सोडतात. त्यांना बंद छोट्या डब्यात कोंडू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका.

काय बिघडलंय, कसं ओळखायचं

दिवसाही सतत मातीवर फिरतोय: माती फार ओली आहे, तिला आंबूस वास येतोय, किंवा तिच्यात खाण्यासारखं काही उरलेलं नाही. खोलवर हात घालून वास घ्या. जंगलातल्या मातीसारखा आला तर ठीक, सडक्या अंड्यासारखा आला तर माती त्याच दिवशी बदला.

अंगावर माइट्स (कोळ्यांच्या वर्गातले अगदी बारीक जीव) दिसतात: आफ्रिकन जायंटच्या पायांमध्ये फिरणारे थोडे माइट्स त्याचे सोबतीच असतात, ते खरवडू नका. मातीवर आणि उरलेल्या भाजीवर पांढुरकी पूड पसरल्यासारखे हजारो झाले तर खाणं कमी करा आणि हवा वाढवा. डब्यात स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले उड्या मारणारे बारीक पांढरे जीव) आणून सोडले तर बुरशी आणि उष्टं तेच फस्त करतात. भुकेले आयसोपॉड (ओल्या पाल्याखाली राहणारे छोटे कवचधारी जीव) मात्र कात टाकणाऱ्या मऊ प्राण्याला कुरतडू शकतात. कात टाकणारे प्राणी डब्यात असताना आयसोपॉडना दूर ठेवलेलं बरं.

माती गोल लेंड्यांनी भरून दाणेदार दिसू लागली की तिचं पोषण संपत आलं. साधारण चार-सहा महिन्यांनी एक तृतीयांश माती काढून नवी मिसळा, पण वर एखादा प्राणी फिरताना दिसत नसेल, म्हणजे कोणी खाली कात टाकत असण्याची शक्यता असेल, तर थांबा. काढलेली माती लगेच फेकू नका. नर-मादी एकत्र असतील तर तिच्यात अंडी किंवा पिल्लं असू शकतात. नुकतीच निघालेली पिल्लं पांढरी, काही मिलिमीटरचीच आणि अवघ्या तीन पायजोड्यांची असतात. ती माती दोन-तीन महिने वेगळ्या डब्यात ओलसर ठेवा. पिल्लं जास्त झाली तरी ती बाहेर बागेत सोडू नका. परक्या जाती एकदा पसरल्या की आवरत नाहीत. ऑस्ट्रेलियात पोर्तुगीज मिलिपीड चुकून आला आणि तिथल्या घराघरांत शिरला.