टी-नट आधी, फळी नंतर
मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती कितीही जाड असल्या तरी बोल्ट घट्ट धरत नाहीत. म्हणून चढाईच्या (क्लाइंबिंगच्या) सरावाची भिंत जमिनीवर स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या भक्कम लाकडी चौकटीवर बांधावी. प्लायवूड 18 मिमी जाडीचे घ्यावे, त्यात साधारण 20 सेंमी अंतरावर छिद्रे पाडावीत आणि टी-नट (हाता-पायांच्या पकडींचे बोल्ट ज्यात पिळतात ते दातेरी नट) मागच्या बाजूने, फळी चौकटीवर चढवण्यापूर्वीच ठोकून घ्यावेत, कारण नंतर तिथे हातोडा फिरत नाही. एकही छिद्र चौकटीच्या वाशावर येणार नाही, हे आधी पेन्सिलीने आखून पाहावे. पत्र्याखालच्या भिंतीवर उन्हाळ्यात सराव पहाटेच करावा. दुपारी हात कोरडे ठेवणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूडही घामापुढे टिकत नाही. खाली जाड गादी हवी, सतरंजी नव्हे.