मृतदेहाच्या मानेतल्या धमन्यांचं डिसेक्शन (विच्छेदन): या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एक्स्टर्नल आणि इंटर्नल कॅरोटिड (मानेतल्या कॉमन कॅरोटिड या मुख्य धमनीच्या दोन फांद्या) ओळखण्यात. बाहेरच्या अंगाला दिसली ती एक्स्टर्नल, असं ठरवून मुलं चिठ्ठी बांधून मोकळी होतात. प्रत्यक्षात दुभाजनाजवळ, म्हणजे कॉमन कॅरोटिड दोनात फुटते तिथे, एक्स्टर्नल बहुधा पुढे आणि मध्यरेषेकडे असते, इंटर्नल तिच्या मागे-बाहेर. काही मानांत हे उलटंही सापडतं. म्हणून जागेवर विसंबू नका, शाखा बघा. इंटर्नल मानेत सहसा एकही शाखा देत नाही.

शाखाही एक पाहून भागत नाही, निदान दोन मुळापासून मोकळ्या करा. कारण एक्स्टर्नलची पहिली शाखा मानली जाणारी सुपीरियर थायरॉइड पुष्कळदा कॉमन कॅरोटिडच्या वरच्या टोकातूनच निघते. मग टेबलावर ठरलेला प्रकार घडतो: पहिली शाखा दिसताच मूळ खोडालाच एक्स्टर्नल म्हटलं जातं आणि इंटर्नलच्या शोधात मागे-बाहेर खणणं सुरू होतं. तिथे असतात ज्युग्युलर व्हेन (मानेतली मोठी शीर) आणि व्हेगस (मेंदूतून खाली येणारी नर्व्ह). शीथच्या (या सगळ्यांभोवतीच्या आवरणाच्या) चिंध्या होतात, व्हेगस तुटते, आणि खरं दुभाजन वर चरबीत झाकलेलंच राहतं. थायरॉइड कार्टिलेजची (स्वरयंत्राच्या मोठ्या कूर्चेची) वरची कड ही पुस्तकातली पातळी झाली. दुभाजन हायॉइडपाशी (जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडापाशी) किंवा त्याच्याही वर असू शकतं, क्वचित खाली क्रिकॉइडपाशी (स्वरयंत्राच्या तळाच्या कूर्चेपाशी). खालून वर, धमनीच्या भिंतीला धरून, बोथट चिमट्यानेच जा. डायगॅस्ट्रिकचं (जबड्याखालच्या स्नायूचं) मागचं पोट वर ओढून धरा, घाईने कापू नका.

लिंग्वल (जिभेची धमनी) सापडत नाही म्हणून ती कापली गेली असं समजू नका. फेशियलशी (चेहऱ्याच्या धमनीशी) तिचं एकच खोड असतं, असं बऱ्याचदा दिसतं.

श्वासनलिकेसमोरची चरबी एका झटक्यात ओरबाडणं मला मुळीच पटत नाही. काही जणांत तिथून थायरॉइडिया इमा (थायरॉइड ग्रंथीची जादा धमनी) वर चढते, बहुधा ब्रेकिओसेफॅलिकमधून (महाधमनीच्या कमानीच्या पहिल्या शाखेतून) निघालेली. ट्रेकिऑस्टॉमीत (श्वासनलिकेला छेद देताना) हीच धमनी रक्तस्राव करते, तेव्हा तिला जपण्याची सवय इथेच लावा.

उजवी रिकरंट लॅरिंजियल (स्वरयंत्राची नर्व्ह) श्वासनलिका-अन्ननलिकेमधल्या खोबणीत नसेल तर व्हेगसपासून थेट स्वरयंत्राकडे जाणारी नर्व्ह शोधा. तशी मिळाली तर उजवी सबक्लेव्हियन (हाताकडे जाणारी धमनी) महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा असून बहुधा अन्ननलिकेमागून आली आहे का, ते तपासा.

डावी व्हर्टिब्रल (मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी) थेट कमानीतून निघाली असेल तर ती सी६ऐवजी (मानेच्या सहाव्या मणक्याऐवजी) सी५मध्ये शिरलेली असू शकते.

वेगळं काही दिसलं की चिमटा खाली ठेवा, रेखाटन करा, मग दुसरी बाजू उघडा. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही.