भातखाचरातील गोगलगायींचा दिनक्रम आणि लावणीनंतरची देखरेख

लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत भर दुपारी खाचराला फेरी मारून गोगलगायी नाहीत असे ठरवू नये. गोड्या पाण्यातील पोमॅसिया प्रजातीची, सोनेरी म्हणून ओळखली जाणारी गोगलगाय मुख्यतः रात्री खाते. ऊन तापले की ती चिखलात किंवा तणाच्या बुडाशी निश्चल पडून राहते, आणि अंधार पडल्यावर बाहेर येऊन कोवळ्या रोपाचे खोड बुडाशी कुरतडते. सकाळी आपल्याला तरंगणारी पाने आणि मोकळ्या जागा तेवढ्या दिसतात. म्हणून पाहणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर बॅटरी घेऊनच करावी. वेचणीचीही हीच वेळ आहे.

या गोगलगायीला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असल्याने पाण्यातील प्राणवायू कमी झाला तरी ती पृष्ठभागावर नळी काढून श्वास घेते. मात्र हिंडण्यासाठी आणि खाण्यासाठी तिला पाण्याची खोली लागते, आणि शेतकऱ्याच्या हाती असलेला सर्वांत प्रभावी उपाय येथेच आहे. रोपे जून होईपर्यंत पाणी 2 ते 3 सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवू नये. शेवटच्या चिखलणीच्या वेळी बांधालगत सुमारे 25 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर खोल चर काढून ठेवल्यास पाणी उतरताना गोगलगायी त्यात गोळा होतात. चरात संध्याकाळी पपईची पाने टाकावीत आणि पहाटे, त्या पांगण्यापूर्वी, पानांसह उचलाव्यात. पाटाच्या तोंडाला बारीक जाळी लावावी.

खाचर कोरडे केल्याने त्या मरतात असे मात्र समजू नये. शिंपल्याचे झाकण मिटून त्या चिखलात अनेक महिने जिवंत राहतात, आणि पाणी सोडताच पुन्हा हालचाल करू लागतात.

मादी बहुधा रात्री पाण्याच्या वर, खोडावर किंवा खुंटावर, गुलाबी अंड्यांचे पुंजके घालते. ते काठीने चिरडून पाण्यात पाडावेत. अंडी विषारी असतात आणि गोगलगायीच्या शरीरात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, त्यामुळे वेचणी हातमोजे घालूनच करावी. मुलांना या कामाला लावणे मला अजिबात योग्य वाटत नाही. रासायनिक औषध वापरावेच लागले, तर लेबलवरील सूचना पाळाव्यात, ते संध्याकाळी द्यावे आणि खाचरातील पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये, कारण त्यातील मासेही मरतात.