बल्ब किती खाली टांगायचा, ते पिल्लंच सांगतात

कोंबडीची अंडी फुटायला 21 दिवस लागतात, पण हवेत गारठा असेल तर खरी कसोटी त्यानंतरच. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पुरती पिसं यायला सहाएक आठवडे जातात. खुडूक कोंबडी सोबत असेल तर ती पंखाखाली घेतेच. नसेल तर पिल्लांच्या खोक्याच्या एका टोकाला उबेसाठी बल्ब टांगा, मधोमध नको, म्हणजे उकडलं तर पिल्लांना सरकायला जागा राहते. साखळीने पक्का बांधा. भुशात पडला तर आग लागते.

पहिल्या आठवड्यात बल्बाखाली 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. तरी माझा जास्त भरवसा पिल्लांवरच. एकमेकांवर चढून मोठ्याने चिवचिवत असतील तर गारठलीत. चोच वासून कडेला गेली तर बल्ब वर घ्या. पांगून निवांत दाणे टिपत असली की बरोबर.

गारठलेल्या पिल्लाच्या बुडाला कधी विष्ठा चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. कोमट पाण्याच्या कापसाने मऊ करून पुसा. ओढलीत तर कातडी सोलते. मग पिल्लू पूर्ण कोरडं करूनच खोक्यात सोडा.