कळपात गुलाबी डोळ्यांचं कोकरू जन्मलं? या चुका टाळा

पांढरं कोकरू दिसलं की ते अल्बिनोच, म्हणजे अंगात रंगच न बनणारं, असं धरू नका. मेंढरांत पांढरा रंग बहुतेक वेळा वेगळ्याच जनुकानं येतो. कोकरू सावलीत धरा आणि बुबुळ पाहा. अल्बिनो कोकराचं बुबुळ फिकट गुलाबी दिसतं, पापण्या आणि नाकपुड्याही बिनरंगी, उन्हात नेलं की ते डोळे मिटतं. डोळे इतर मेंढरांसारखे काळेभोर असतील तर काळजी नको.

सगळ्यांत मोठी चूक त्यानंतर होते. ग्रहण, चारा, नजर अशी कारणं शोधून झाली की दोष मेंढीवर येतो आणि तिला बाजार दाखवला जातो. मेंढा मात्र कळपातच राहतो! हा दोष अप्रभावी आहे. आइसलँडच्या मेंढरांवर १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं. म्हणजे जनुकाची एक खराब प्रत आईकडून आणि एक बापाकडून आली तरच कोकरू बिनरंगी होतं. एकच प्रत असलेलं जनावर दिसायला एकदम चांगलं, काळंभोर. असे दोन वाहक जुळले की प्रत्येक कोकरामागं चारात एक शक्यता. 'एक झालं, आता पुढची तीन चांगली' हा हिशेब खोटा आहे, दर वेळी डाव नव्यानं पडतो.

मेंढी वर्षाला एक-दोन कोकरं देते, मेंढा अख्ख्या कळपाचा बाप असतो. त्याच्या कोकरांपैकी साधारण निम्म्यांत ती प्रत जाते. म्हणून आधी मेंढा काढा, खच्ची करून मांसासाठी विका. माळेगावच्या यात्रेत पैदाशीचा म्हणून विकू नका, दुसऱ्या धनगराच्या वाड्यात तोच त्रास जाईल.

आपल्याकडे दख्खनी कळपात घरचाच मेंढा वर्षानुवर्षं राहतो आणि त्याच्याच लेकी त्याला दाखवल्या जातात. लपलेला दोष इथंच उघडा पडतो. दर दोन वर्षांनी मेंढा बदला, तोही नात्यातल्या कळपातला नको.

जन्मलेल्या कोकराला मारू नका. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला कळपामागं पळवू नका. डोळे दिपले की ते मागं राहतं, काट्यात अडकतं. सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर चारा, दुपारी सावलीला बांधा. मादी असेल तर पैदाशीला ठेवू नका. तिची कोकरं निरोगी मेंढ्यापासून रंगीत होतील, पण एकूण एक वाहक असतील.